धर्मनिरपेक्ष ज्यू विवाहविधी : परंपरेची निवड आणि कायद्याचा पेच

प्रस्तावना

ज्यू असणे म्हणजे एका धर्माचे अनुयायी असणे, की एका जनसमूहाचे घटक असणे, हा प्रश्न युरोपातील प्रबोधनकाळापासून ज्यू विचारविश्वात सतत चर्चिला गेला आहे. ईश्वरावर श्रद्धा नाही, प्रार्थनामंदिरात जाणे नाही, तरीही आपण ज्यू आहोत असे मानणारा मोठा वर्ग आज इस्रायल, अमेरिका व युरोपात आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने 2020 मध्ये केलेल्या पाहणीत तेथील प्रौढ ज्यूंपैकी 27 टक्के लोकांनी स्वतःला धर्म नसलेले ज्यू म्हणवून घेतले. दैनंदिन जीवनात या भूमिकेमुळे फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती विवाहाच्या वेळी. विवाह कोणी लावायचा, कोणत्या शब्दांत लावायचा, परंपरेतील काय ठेवायचे व काय वगळायचे, आणि असा विवाह समाज व शासन मान्य करील काय, हे प्रश्न वधूवरांसमोर एकाच वेळी उभे राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. ज्यू विवाहविधीतील कोणते घटक धर्मशास्त्रदृष्ट्या अनिवार्य आहेत आणि कोणते केवळ रूढीने आले आहेत, हा भेद लक्षात घेतल्याशिवाय धर्मनिरपेक्ष विवाहांचे स्वरूप उलगडत नाही. या विवाहांत आढळणारी गोष्ट मोठी लक्षणीय आहे. शास्त्राने ज्याला प्राण मानले तोच भाग येथे बदलला जातो, आणि शास्त्राच्या दृष्टीने ज्याला काडीचे महत्त्व नाही तो भाग जिव्हाळ्याने जपला जातो. महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाचा या प्रश्नाशी आलेला संबंध हाही या इतिहासाचा एक महत्त्वाचा, परंतु दुर्लक्षित भाग आहे.

विधीची घडण : करार आधी, संस्कार नंतर

ज्यू विवाहाचा सर्वांत जुना लेखी पुरावा प्रार्थनेचा नसून दस्तऐवजाचा आहे. इजिप्तमधील नाईल नदीतल्या एलिफंटाईन या बेटावर ज्यू सैनिकांची वसाहत होती. तेथे सापडलेल्या अरमाईक भाषेतील पपायरसांमध्ये इ. स. पूर्व 449 मधील एक विवाहपत्र आहे. त्यातील वर अनान्या हा तेथील मंदिराचा सेवक, तर वधू तामेत ही दासी असून नावावरून ती इजिप्शियन असावी. तिने आणलेल्या वस्तूंची नोंद त्यात आहे; शिवाय दोघांपैकी कोणीही सभेसमोर उभे राहून घटस्फोट जाहीर करू शकेल अशी तरतूदही आहे. पत्नीला पतीच्या बरोबरीने घटस्फोटाचा अधिकार देणारे हे पत्र पुढील काळातील रब्बींच्या शास्त्राशी जुळत नाही. एकविसाव्या शतकातील जोडपी समतेचा करार लिहू पाहतात तेव्हा ती परंपरा मोडत आहेत असे म्हटले जाते. परंतु परंपरेच्या अगदी तळाशी असाही एक थर आहे, हे या संदर्भात विसरून चालणार नाही.

रब्बींच्या काळात विवाहाचे दोन टप्पे निश्चित झाले. पहिला किद्दुशिन, म्हणजे वधूला वरासाठी राखून ठेवणारा बंधनकारक वाङ्‌निश्चय. दुसरा निस्सुईन, म्हणजे प्रत्यक्ष सहजीवनाचा आरंभ. या दोहोंमध्ये पूर्वी वर्षभराचे अंतर असे. मध्ययुगात, साधारणपणे बाराव्या शतकापर्यंत, ते एकाच दिवशी एकापाठोपाठ होऊ लागले. मिशना या ग्रंथानुसार स्त्री तीन प्रकारांनी ‘प्राप्त’ होते : द्रव्याने, दस्तऐवजाने किंवा सहवासाने. वराने वधूला अंगठी देणे हा यांपैकी द्रव्याचा प्रकार होय. म्हणूनच ती अंगठी वराच्या मालकीची असावी लागते आणि तिचे मूल्य स्पष्ट कळावे यासाठी खड्याविना साधी असते. दोन पात्र साक्षीदारांसमोर अंगठी देऊन, मोशे व इस्रायल यांच्या विधिनियमानुसार तू माझ्यासाठी पवित्र झालीस, अशा आशयाचे वाक्य वराने उच्चारले की विवाह बंधनकारक होतो. वधूने काही बोलण्याची आवश्यकता नाही, तिचा मूक स्वीकार पुरेसा आहे. शास्त्राच्या दृष्टीने विवाहाचा गाभा एवढाच.

केतुबा हे विवाहपत्र या गाभ्याभोवतीचे संरक्षक कवच म्हणावे लागेल. पतीने घटस्फोट दिल्यास अथवा त्याचा मृत्यू झाल्यास पत्नीला मिळावयाची रक्कम त्यात लिहिली जाई. कुमारिकेसाठी 200 झूझ व विधवेसाठी 100 झूझ हे प्रमाण तालमूदमध्ये येते. लहरीखातर बायको टाकणे पुरुषाला परवडू नये, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील शिमोन बेन शेताख यांच्याकडे केतुबाच्या सुधारणेचे श्रेय दिले जाते. अरमाईकमध्ये लिहिलेल्या या रुक्ष आर्थिक दस्तऐवजाला पुढे सुंदर वेलबुट्टी व चित्रकाम लाभले, आणि आज तो चौकट करून दिवाणखान्यात लावला जातो. आपल्याकडील हुंड्याची यादी किंवा मेहरनामा कोणी भिंतीवर टांगल्याचे ऐकिवात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थित्यंतराचे नवल वाटते.

याउलट, ज्या गोष्टींमुळे ज्यू विवाह चटकन ओळखू येतो त्या बहुतेक गोष्टी मागाहून आलेल्या आहेत. चार काठ्यांवर ताणलेल्या कापडाचा हुप्पा हा मांडव सोळाव्या शतकाच्या सुमारास पोलंड व आसपासच्या ज्यूंमध्ये रूढ झाला. त्यापूर्वी हुप्पा या शब्दाचा अर्थ वराचे घर किंवा वधूवरांची खोली असा घेतला जाई. वधूने वराभोवती सात फेरे घालणे हीदेखील पूर्व युरोपातील रूढी होय. काचेचा पेला फोडण्याच्या प्रथेचे मूळ तालमूदमधील एका आख्यायिकेत शोधले जाते. मार बर रविना यांच्या मुलाच्या लग्नात जमलेले विद्वान अतिउत्साहात आले, तेव्हा त्यांना भानावर आणण्यासाठी त्यांनी 400 झूझ किमतीचा पेला सर्वांसमोर फोडला, अशी ती कथा आहे. इ. स. 70 मध्ये जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला, त्याची आठवण म्हणून काच फोडावयाची, हा अर्थ नंतरचा. पेला फुटला नाही म्हणून कोणाचा विवाह अवैध ठरत नाही. तथापि, सर्व काही वगळणारी जोडपीही काच फोडणे वगळत नाहीत.

नागरी विवाह आणि सुधारणावाद

फ्रान्समध्ये 1792 साली विवाह ही शासकीय नोंदणीची बाब झाली. नेपोलियनने 1806 मध्ये ज्यू प्रतिनिधींची सभा बोलावून त्यांच्यापुढे बारा प्रश्न ठेवले. त्यांत बहुपत्नीत्व, घटस्फोट आणि ख्रिश्चनांशी विवाह यांविषयीचे प्रश्न आरंभीच होते, यावरून शासनाचा रोख ध्यानात येतो. 1807 मध्ये भरलेल्या सान्हेद्रिनने असा निर्णय दिला की, धार्मिक विवाह नागरी विवाहानंतरच लावावा. ज्यू व ख्रिश्चन यांचा नागरी कायद्यानुसार झालेला विवाह नागरी दृष्ट्या बंधनकारक असेल, मात्र त्यास धार्मिक विधीचे स्वरूप देता येणार नाही. समान नागरिकत्वाच्या मोबदल्यात विवाहाचा कायदेशीर अधिकार राज्यसंस्थेकडे सोपविण्याची ही तडजोड होती. 1875 मध्ये संपूर्ण जर्मन साम्राज्यात नागरी विवाह सक्तीचा झाल्यावर तेथील ज्यूंसाठीही विधी व कायदा यांची फारकत पूर्ण झाली.

ही फारकत झाल्यामुळेच विधीमध्ये फेरफार करणे शक्य झाले. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींची परिषद 1869 मध्ये फिलाडेल्फिया येथे भरली. वधूनेही वराला अंगठी द्यावी व तिनेही प्रतिज्ञेचे शब्द उच्चारावेत, तसेच शासकीय न्यायालयाने दिलेला घटस्फोट पुरेसा मानावा, असे या परिषदेने ठरविले. ‘प्राप्ती’च्या जागी परस्परप्रतिज्ञा आणण्याचा हा पहिला संघटित प्रयत्न म्हणता येईल. मात्र तो धर्माच्या चौकटीतला होता. ईश्वराचा उल्लेखच न करणारा ज्यू विवाह हे पाऊल पुढचे. शेर्विन वाइन या रब्बींनी 1963 मध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात मानवतावादी ज्यू मंडळी स्थापन केली व 1969 मध्ये या विचाराची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. प्रार्थनेतून ईश्वर वगळणारा रब्बी ही कल्पना त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटली. तरीपण या चळवळीमुळे आंतरधर्मीय व श्रद्धाहीन जोडप्यांना विवाह लावून देणारा अधिकृत माणूस मिळाला. 2010 नंतर विवाह केलेल्या अमेरिकी ज्यूंपैकी 61 टक्के लोकांचे जोडीदार ज्यू नाहीत, हे वर उल्लेखिलेल्या पाहणीतील प्रमाण पाहता ही गरज लहान नव्हती.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे सत्यशोधक समाजाच्या 1873 मधील पुरोहिताविना विवाहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. केवळ समकालीनत्व लक्षात घ्यावे.

इस्रायल : राज्य आधुनिक, विवाह धार्मिक

ज्या राज्याच्या संस्थापकांत समाजवादी व धर्माविषयी उदासीन मंडळींचा भरणा होता, त्याच राज्यात नागरी विवाहाची सोय नसावी, हा आधुनिक इतिहासातील एक मोठाच विरोधाभास आहे. 1910 च्या सुमारास सुरू झालेल्या आरंभीच्या किबुत्झ वसाहतींमध्ये स्त्रीपुरुषांनी एकत्र राहण्यासाठी स्वतंत्र खोली मागितली की ती जोडी मानली जाई. रब्बींना बोलावणे हा पुष्कळदा केवळ उपचार असे. परंतु कायद्याचा प्रवाह वेगळा होता. ऑटोमन काळातील मिल्लत व्यवस्थेत प्रत्येक धर्मसमुदायाचे विवाह त्या त्या समुदायाच्या न्यायसंस्थेकडे असत. ब्रिटिशांनी 1922 मध्ये तीच व्यवस्था पुढे चालविली. जून 1947 मध्ये ज्यू एजन्सीच्या वतीने बेन गुरियन यांनी कर्मठ पक्षाला पाठविलेल्या पत्रात विवाहाच्या बाबतीत समाजात दुफळी होऊ न देण्याचे आश्वासन होते. त्याची परिणती 1953 च्या कायद्यात झाली. इस्रायलमधील ज्यूंचे विवाह व घटस्फोट तोराच्या विधिनियमांनुसारच होतील, असे या कायद्याने ठरविले.

यावर लोकांनी शोधलेला मार्ग समुद्रापलीकडे गेला. सायप्रस बेट जवळ, तेथील नागरी विवाहाची प्रक्रिया सोपी. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फुंक-श्लेसिंगर प्रकरणात असा निर्णय दिला की, परदेशातील विवाहाचे योग्य प्रमाणपत्र सादर झाल्यास नोंदणी अधिकाऱ्याने त्याची नोंद केली पाहिजे. त्याच्या वैधतेची चिकित्सा करणे हे त्याचे काम नव्हे. त्या प्रकरणातील स्त्री बेल्जियन ख्रिश्चन होती आणि विवाह सायप्रसमध्ये झाला होता. 2006 मध्ये हेच तत्त्व परदेशात झालेल्या समलिंगी विवाहांच्या नोंदणीस लागू झाले. कोविडच्या साथीत प्रवास थांबला तेव्हा अमेरिकेतील युटा राज्याच्या एका कौंटीने सुरू केलेल्या दूरदृश्य विवाहनोंदणीचा इस्रायली जोडप्यांनी आधार घेतला. अशा विवाहांचीही नोंद करावी लागेल, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये शिक्कामोर्तब केले. म्हणजे वधूवर तेल अवीवमध्येच घरी बसलेले, अधिकारी पडद्यावर अमेरिकेत, आणि विवाह परदेशी!

2010 च्या कायद्याने एक मर्यादित वाट देशातच उघडली. दोन्ही जोडीदारांची नोंद कोणत्याही धर्माचे नसलेले अशी असेल, तर त्यांना नागरी सहजीवनाची नोंदणी करता येते. सोव्हिएत संघातून 1990 च्या दशकात आलेल्यांपैकी व त्यांच्या कुटुंबीयांपैकी सुमारे 3 लाख लोक शास्त्रानुसार ज्यू ठरत नव्हते, ही त्यामागची पार्श्वभूमी. परंतु अशा व्यक्तीला ज्यू व्यक्तीशी विवाह करावयाचा असेल तर हा कायदा निरुपयोगी आहे.

भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाला ही अट ओळखीची वाटेल. ब्रिटिश भारतातील 1872 च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण ख्रिश्चन, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. नागरी विवाह हवा असल्यास ज्यूने ज्यू धर्म नाकारावा, असाच त्याचा अर्थ. स्वतंत्र भारताने 1954 च्या विशेष विवाह कायद्यात ही अट काढून टाकली. त्यानंतर मुंबईतील ज्यू व्यक्ती आपला धर्म न सोडता, ज्यू अथवा अन्यधर्मीय जोडीदाराशी नागरी विवाह करू शकते. भारताने 1954 मध्ये ओलांडलेला उंबरठा इस्रायलने 2010 मध्येही पूर्णपणे ओलांडला नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बेने इस्रायल : रूढीचे मोल

कोकण किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिलेला, तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे व शनिवारच्या विश्रांतीमुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला बेने इस्रायल समाज मराठीभाषक आहे. अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालत आला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. रब्बींच्या परंपरेपासून दूर राहिल्याने विधी चालविण्याचे काम समाजातील काझी करीत. विवाहात हळद, मेंदी, नारळ अशा भोवतालच्या समाजातील गोष्टी सहज मिसळल्या. पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करून एलियाहू प्रेषिताचे स्मरण करणे ही या समाजाची खास प्रथा होय. एकोणिसाव्या शतकातील या चालीरीतींचे तपशीलवार वर्णन हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या इतिहासग्रंथात आले आहे. 1897 मध्ये लिहून झालेला हा ग्रंथ 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झाला.

इस्रायलच्या स्थापनेनंतर या समाजातील हजारो लोक तिकडे गेले आणि तेथे त्यांच्या विवाहांचा प्रश्न उपस्थित झाला. कोकणात झालेले जुने घटस्फोट रीतसर ‘गेट’ म्हणजे घटस्फोटपत्र देऊन झाले होते काय, आणि नसल्यास त्या स्त्रियांच्या पुढील विवाहांतून झालेल्या संततीचे स्थान काय, अशी शंका काही रब्बींनी काढली. शास्त्रानुसार विवाहित स्त्रीला परपुरुषापासून झालेली संतती ‘ममझेर’ ठरते व तिला सर्वसामान्य ज्यूंशी विवाह करता येत नाही. ऑक्टोबर 1961 मध्ये मुख्य रब्बी परिषदेने बेने इस्रायलांशी विवाहास सरसकट मनाई करण्यास आधार नाही असे म्हटले खरे. परंतु 1962 च्या आरंभी निघालेल्या सूचनांनी प्रत्येक बेने इस्रायल वधूवराच्या मागील पिढ्यांची चौकशी करणे बंधनकारक केले. अन्य कोणत्याही ज्यू समाजाला नावानिशी हा नियम लावला गेला नव्हता.

समाजाने संघर्ष केला. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. 17 ऑगस्ट 1964 रोजी संसदेने खास अधिवेशनात बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले, व महिनाअखेर मुख्य रब्बींच्या परिषदेने सूचनांतून या समाजाचा नामोल्लेख काढला. धर्मावर श्रद्धा असलेल्या, शब्बाथ पाळणाऱ्या समाजाला केवळ विवाहाची नोंदवही एकाच संस्थेच्या हाती असल्यामुळे ही मानहानी सोसावी लागली. नागरी विवाह ही केवळ नास्तिकांची मागणी आहे, हा समज या घटनेपुढे टिकत नाही.

आणि तरीही, ज्या देशी चालीरीतींमुळे हा समाज इतरांना ‘वेगळा’ वाटला, त्याच तेथे टिकून राहिल्या. लग्नाआधीची मेंदी इस्रायलमधील बेने इस्रायल कुटुंबांत आजही उत्साहाने होते. मेंदीला शास्त्रात स्थान नाही. म्हणून शास्त्राला तिच्यावर बंधनही घालता येत नाही.

समारंभाची आखणी : निवडीचे तर्कशास्त्र

वरील विवेचनाच्या प्रकाशात आजचे धर्मनिरपेक्ष जोडपे आपला विवाह कसा आखते ते पाहणे उद्‌बोधक ठरेल. दिवस ठरविण्यापासूनच तडजोडीला आरंभ होतो. शब्बाथच्या दिवशी करार-व्यवहार वर्ज्य असल्याने शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत परंपरेने विवाह होत नाही. वधूवरांना त्याचे सोयरसुतक नसले तरी आजीआजोबा वाहनात बसणार नाहीत; म्हणून शनिवारी अंधार पडल्यावर समारंभ, असा तोडगा आढळतो. जेवणाच्या बाबतीत संपूर्ण शाकाहारी बेत केल्याने मांस व दूध यांच्या विटाळाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. येथे श्रद्धेपेक्षा नातेसंबंधांचा मान राखण्याची भूमिका दिसते, आणि ती मुळीच गौण मानता येणार नाही.

मांडव राहतो, त्यासाठी पुष्कळदा आजोबांची प्रार्थनेची शाल वापरली जाते. फेऱ्यांत बदल होतो : तीन फेरे वधू वराभोवती घालते, तीन वर वधूभोवती, व सातवा दोघे मिळून. सात आशीर्वचनांतून ईश्वराला उद्देशून असलेले शब्द काढून सात मित्र किंवा नातेवाईक आपल्या शब्दांत शुभेच्छा देतात. सातचा आकडा मात्र सुटत नाही. केतुबातून झूझची रक्कम जाऊन तेथे परस्परांविषयीची वचने येतात. साक्षीदार म्हणून स्त्रिया स्वाक्षरी करतात. काच आता दोघेही फोडतात आणि तिचा अर्थ ज्याचा त्याने लावावयाचा असतो : कोणी मंदिराचा विध्वंस म्हणतो, कोणी जगातील अपूर्णता, कोणी निर्वासित पूर्वजांची आठवण.

अंगठीचा प्रश्न तेवढा सोपा नाही. वधूनेही वराला अंगठी दिली, तर कर्मठ मतानुसार हा द्रव्याचा विनिमय झाला, प्राप्ती नव्हे. काही जोडप्यांना नेमके हेच हवे असते. त्यामागे केवळ समतेचा आग्रह नसून एक अत्यंत व्यावहारिक भीती आहे. किद्दुशिन झाले असेल, तर पतीने स्वेच्छेने गेट दिल्याशिवाय स्त्री मुक्त होत नाही. ती ‘अगुना’ म्हणजे बांधलेली राहते. शासकीय न्यायालयाचा घटस्फोट तिला धर्मशास्त्रदृष्ट्या सोडवू शकत नाही. मग धर्मनिरपेक्ष विवाहाने किद्दुशिन घडते काय? विसाव्या शतकात अमेरिकेतील दोन श्रेष्ठ शास्त्रज्ञ रब्बींची याविषयी परस्परविरुद्ध मते होती. मोशे फाइनस्टाइन (1895-1986) यांच्या मते, पात्र साक्षीदारांअभावी सुधारणावादी पद्धतीचे विवाह किद्दुशिन ठरत नाहीत, म्हणून गेट मिळणे अशक्य असेल तेथे स्त्रीला त्यावाचून मोकळे करता येते. योसेफ एलियाहू हेन्किन (1881-1973) यांनी मात्र असे मत मांडले की, स्त्रीपुरुष उघडपणे पतिपत्नी म्हणून राहत असतील तर नागरी विवाहानंतरही गेट आवश्यक आहे. यातील गंमत अशी की, विवाह अमान्य करणारे मत स्त्रीला मोकळी करते आणि विवाहाला मान देणारे मत तिला अडकवते.

या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न रेचल अॅडलर या विदुषीने 1998 च्या आपल्या ग्रंथात केला. ईश्वर व प्रार्थना त्यांना नको आहेत असे नव्हे. त्यांचा आक्षेप स्त्रीच्या ‘प्राप्ती’वर आहे. तालमूदमधील विवाहाचे प्रकरण बाजूला ठेवून त्यांनी तालमूदमधीलच भागीदारीच्या नियमांचा आधार घेतला. दोन व्यापारी आपली चीजवस्तू एका थैलीत टाकून ती उचलतात तेव्हा भागीदारी सिद्ध होते. त्याप्रमाणे वधूवरांनी आपापली मौल्यवान वस्तू एका थैलीत ठेवून ती एकत्र उचलावी, असा हा ‘ब्रित अहुविम’ म्हणजे प्रियजनांचा करार आहे. अंगठीही त्या थैलीत टाकता येते. हे किद्दुशिन नव्हे, हे त्यात जाणूनबुजून स्पष्ट केलेले असते. भागीदारी दोहोंपैकी कोणालाही मोडता येते, त्यासाठी दुसऱ्याच्या हातून पत्र मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. अनान्या आणि तामेत यांच्या विवाहपत्रातही हीच तरतूद होती.